इंजिन बदलले, क्लच जुळणार का?

जालना, प्रतिनिधी

लोखंडी सळया आणि बियाणे उद्योगासाठी ओळखल्या जाणाऱ्या जालन्यात लेथवरील कारागिरांची वानवा नाही. जुन्या स्पोर्ट्‌स कारचे झिजलेले फ्लायव्हील येथे घासून घेता येते. मात्र, मूळ इंजिन निकामी होऊन दुसरे बसविले, की घासकामाने न सुटणारा प्रश्न उभा राहतो. क्लच कोणत्या इंजिनाचा घ्यायचा? उत्तर चुकले, तर गिअरबॉक्स पुन्हा उतरविण्याचा भुर्दंड मालकाच्या माथी बसतो.

नाव एक, क्लच दोन

क्लचला दोन्हीकडे जुळावे लागते. प्रेशर प्लेट इंजिनाच्या फ्लायव्हीलवर बोल्टने बसते, तर क्लच प्लेट मधल्या दात्यांच्या आधारे गिअरबॉक्सच्या शाफ्टवर सरकते. त्यामुळे केवळ गाडीचे नाव सांगून सुटे भाग घेणे धोक्याचे ठरते. ब्रिटनच्या एमजी मिजेट या दोन आसनी कारमध्ये १२७५ सीसीचे इंजिन होते. १९७४ मध्ये त्याजागी ट्रायम्फचे १४९३ सीसीचे इंजिन आले. नाव तेच राहिले, क्लच बदलला. आपल्याकडील प्रीमिअर ११८ एनई दिसायला फियाट १२४ सारखी असली, तरी तिचे इंजिन निस्सानचे होते.

आधी मोजा, मग घ्या

जुना गिअरबॉक्स कायम ठेवून इंजिन बदलले असेल, तर प्लेटचे दाते गिअरबॉक्सनुसार आणि प्लेटचा व्यास व प्रेशर प्लेट फ्लायव्हीलनुसार निवडावी लागते. दात्यांची संख्या आणि शाफ्टची जाडी, या दोन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. जोडणीपूर्वी प्लेट शाफ्टवर हाताने सरकवून पाहावी; ती अडकता कामा नये आणि सैलही नसावी. प्रेशर प्लेटच्या बोल्टची छिद्रे, रिलीज बेअरिंगची उंची आणि क्रँकशाफ्टच्या टोकाला शाफ्ट पेलणारे छोटे बेअरिंगही तपासावे.

फ्लायव्हीलच्या घर्षणाच्या पृष्ठभागाची आणि प्रेशर प्लेट बसण्याच्या कडेची पातळी वेगळी असेल, तर दोन्हीकडून सारखेच घासावे लागते. अन्यथा प्लेटवरील दाब बदलतो. नवे इंजिन अधिक ताकदीचे असेल, तर सगळे भाग बसूनही कमी दाबाचा क्लच घसरतो. मोकळ्या रस्त्यावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबताच इंजिनाचा आवाज वाढला, पण वेग वाढला नाही, तर हा दोष ओळखावा.

कागदपत्रांचेही भान

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीतील बदलाची माहिती नोंदणी प्राधिकरणाला देणे आवश्यक आहे. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाड्यांची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी होते. मात्र इंजिनात मोठा फेरबदल केलेली गाडी या दर्जाला मुकू शकते. म्हणूनच 'एमएच २१' मालिकेतील एखादी जुनी कार दुरुस्तीला काढताना, मूळ इंजिन वाचविता येते का, हे आधी पाहावे. ते शक्य नसेल, तरच व्हर्निअर हाती घेऊन क्लचच्या शोधाला लागावे.