एरंडेल : अंगाला आणि केसांना

लांबण लावून काहीच हाती न लागणाऱ्या बोलण्याला आपल्याकडे एरंडाचे गुऱ्हाळ म्हणतात. पगार, बोनस, ग्रॅच्युइटी यांवर बोलणारे आम्ही; आम्ही एरंडेलावर बोलायला उभे राहिलो तर कोणाला त्या म्हणीची आठवण होणे साहजिक आहे. एरंडातून गूळ निघत नाही, हे खरे. पण तेल निघते, आणि ते बीच्या वजनाच्या जवळजवळ निम्मे निघते.

हा विषय आम्हाला सुचविला तो आमच्या सभांना येणाऱ्या भांडी घासणाऱ्या बायकांनी आणि बांधकामावरच्या बिगाऱ्यांनी. त्यांचे तळहात सोललेले, टाचा भेगाळलेल्या. आणि त्यांच्याच पिशवीत केस लांब करण्याची हमी देणारी एरंडेलाची छोटी, भारी किमतीची बाटली. तिला मोजलेले पैसे कितपत वसूल होतात, हे तपासायचे तर तेलाच्या अंतरंगात थोडे शिरावे लागते.

खाद्य तेले काय किंवा एरंडेल काय, म्हणजे मुख्यतः ग्लिसरीन आणि त्याला जोडलेली तीन स्निग्धाम्ले. एरंडेलातील या आम्लांपैकी शेकडा ८५ ते ९० भाग एकट्या रिसिनोलेइक आम्लाचा असतो. हे आम्ल म्हणजे १८ कार्बनांची साखळी. तिच्या बाराव्या कार्बनाला ऑक्सिजन-हायड्रोजनची एक जोडी चिकटलेली असते. शेजारशेजारच्या साखळ्या या जोड्यांमुळे एकमेकींना ओढून धरतात. म्हणून एरंडेल इतके दाट आणि चिकट. याच तेलावर गंधकाम्लाची क्रिया करून टर्की रेड ऑइल बनवितात. ते पाण्यात मिसळते. गिरणगावच्या रंगखात्यात घाम गाळलेल्या जुन्या माणसांना ते नाव परिचयाचे असेल. लिपस्टिकमधला रंग धरून ठेवायलाही बहुधा एरंडेलच वापरतात.

एरंडेलाचा गुण तो हा चिकटपणा, आणि त्याची मर्यादाही तीच. कातडीच्या अगदी वरच्या थरात मृत पेशी आणि त्यांच्यामध्ये स्निग्ध द्रव्याचा गिलावा असतो. सोडा, साबण, ओले सिमेंट हा गिलावा धुऊन नेतात. आतले पाणी उडून जाते, कातडी ताठरते आणि तडकते. एरंडेल वर बसून ही वाफ अडविते. स्वतः त्यात पाणी नाही. म्हणूनच कोरड्या टाचेवर ते चोळण्यात फारसा अर्थ नाही. रात्री पाय दहा मिनिटे कोमट पाण्यात ठेवावेत, हलकेच टिपावेत, आणि कातडी ओलसर असतानाच चार थेंब जिरवून वर जुने मोजे घालावेत. फार चिकट वाटल्यास दुप्पट-तिप्पट खोबरेल किंवा तिळेल मिसळावे. भेगेतून रक्त किंवा पू येत असेल, किंवा मधुमेह असेल, तर मात्र डॉक्टरकडे जावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ओले सिमेंट कातडी अक्षरशः भाजते. एका बांधकामावर हातमोज्यांची मागणी केली तेव्हा मुकादमाने आम्हाला "तेल लावा की" असे सुनावले होते. तेल रात्रीचे, दिवसा हातमोजे आणि गमबूट हवेत, आणि ते पुरविणे हे मालकाचे काम आहे.

आता केस. डोक्यावर दिसणारा केस मृत असतो. जिवंत भाग कातडीच्या आत. वरून ओतलेल्या तेलाने तो वाढतो, असे दाखविणारा भरवशाचा प्रयोग झालेला नाही. तेलाचा लेप बसल्याने केसांचे आपसातले घर्षण कमी होते, ते कमी तुटतात, म्हणून दाट दिसतात. एवढे काम दोन-तीन थेंबांत होते. अधिक थापण्यात धोका आहे. २०१७ साली आपल्याच देशातील डॉक्टरांनी एका तरुणीची हकीकत छापली : एरंडेल लावल्यावर लगेच तिच्या सगळ्या केसांचा दगडासारखा गुंता झाला. असा गुंता बहुधा कापूनच काढावा लागतो. त्याला "जट आली" म्हणून देवाच्या नावावर सोडू नये.

पोटात घेण्याची गोष्ट निराळी. इटलीत मुसोलिनीच्या काळ्या डगलेवाल्यांनी १९२० नंतरच्या दशकात कामगार पुढाऱ्यांना बळजबरीने एरंडेल पाजले, ते त्याच्या रेचक गुणामुळेच. हे तेल आतड्याप्रमाणे गर्भाशयाच्या स्नायूंनाही चाळविते. जर्मन संशोधकांनी २०१२ साली त्यामागची यंत्रणा उलगडली. गरोदर बाईने डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये.

एरंडाच्या बीत रिसिन हे जहाल विष असते. ते तेलात उतरत नाही, पेंडीत राहते. बिया पोरांच्या हाती पडू देऊ नयेत. पेंडीची धूळ तर माणसाला दमा जडविते. अमेरिकेतील टोलेडो शहरात एका तेलगिरणीभोवती राहणाऱ्या लोकांना तिच्या धुळीने दमा झाल्याचे डॉक्टरांनी १९२८ सालीच छापून ठेवले आहे. जगातले बहुतेक एरंडेल आज भारतात, त्यातही मुख्यतः गुजरातेत होते. तेथे पेंडीची पोती उचलणाऱ्याच्या तोंडावर काय बांधलेले असते, ते बाटलीवर कोणी छापीत नाही.

विकत घेताना औषधांच्या दुकानातले साधे एरंडेल घ्यावे. यंत्राच्या वंगणासाठी विकतात ते अंगाला नको. महागड्या बाटलीतल्या तेलाची रिसिनोलेइक साखळी काही निराळी नसते. क्वचित कोणाला या तेलाची खाज सुटते. ओठांवर तर अधिक जपावे. आधी कोपराच्या आतल्या बाजूस थेंबभर लावून दोन दिवस पाहावे. बाटली उन्हात ठेवू नये, आणि तेलाला खवट वास आला की ते चपलांच्या चामड्याला चोळावे. चामडे मऊ राहते.