दूरचा रेडिओ आधी, जवळचा नंतर

संशोधनासाठी फील्डवर सेन्सर बसवणार असाल, तर कधी ना कधी डेटा रेडिओशी गाठ पडणारच. एक रेडिओ तुमच्या लॅपटॉपला जोडलेला, दुसरा दूर टेकडीवर हवामान केंद्राच्या खांबावर. सेटिंग बदलायला दरवेळी टेकडी चढायची का? गरज नाही. पण कमांडचा क्रम चुकला तर मात्र चढावी लागते. मी चढलोय, म्हणून हे लिहितोय.

उदाहरणाला सिक फर्मवेअरचे टेलिमेट्री रेडिओ घेऊ. ड्रोनवाले हेच वापरतात. (कमांड इथे देवनागरीत लिहिल्यात, टाइप करताना इंग्रजी कॅपिटल अक्षरं वापरा.)

सीरियल टर्मिनल उघडा. वेग सहसा ५७६०० असतो. एक सेकंद काहीच पाठवू नका, मग +++ टाइप करा. एंटर दाबू नका. आणखी एक सेकंद थांबा. ‘ओके’ आलं की तुम्ही कमांड मोडमध्ये आहात. ही पद्धत १९८१ च्या हेज स्मार्टमोडेमपासून चालत आलीय. हे थांबणं कशासाठी? तुमच्या डेटात योगायोगाने +++ आलं, तर रेडिओने त्याला कमांड समजू नये म्हणून.

आता मुख्य गंमत. ‘एटी’ने सुरू होणारी कमांड जवळच्या रेडिओला लागू होते. तीच ‘आरटी’ने सुरू केली की दूरच्या रेडिओला. एटीआय५ म्हणजे जवळच्याची सगळी सेटिंग, आरटीआय५ म्हणजे दूरच्याची. पण आरटी कमांड हवेतूनच जाते. लिंक तुटली की आरटी संपलं!

नेट आयडी, हवेतला वेग, फ्रिक्वेन्सीच्या मर्यादा, चॅनेलची संख्या हे दोन्हीकडे सारखंच लागतं. समजा नेट आयडी २५ चा ४० करायचाय. क्रम असा:

१. एटीआय५ आणि आरटीआय५ चं उत्तर वहीत किंवा फाइलमध्ये जपून ठेवा.
२. आरटीएस३=४०, मग आरटी&डब्ल्यू. दूरच्यात बदल सेव्ह झाला.
३. एटीएस३=४०, मग एटी&डब्ल्यू. जवळच्यातही झाला.
४. आरटीझेड. दूरचा रीस्टार्ट होईल.
५. एटीझेड. जवळचा रीस्टार्ट होईल आणि लिंक परत जुळेल.

हे जमतं, कारण नवा आयडी रीस्टार्टनंतरच लागू होतो. तोवर दोघे जुन्याच आयडीवर बोलत असतात. मी आधी जवळचाच रेडिओ बदलून रीस्टार्ट केला. तरीही जुनी सेटिंग परत टाकून लिंक मिळाली असती. पण मी नेट आयडी आणि वेग दोन्ही बदलले होते आणि जुने आकडे कुठेच लिहिले नव्हते. म्हणून पहिली पायरी गाळू नका.

एक अपवाद लक्षात ठेवा: ट्रान्समिट पॉवर, म्हणजे एस४. ती लगेच बदलते. २० म्हणजे २० डीबीएम, साधारण १०० मिलिवॉट. बॅटरी वाचवायला दूरची पॉवर कमी करायची असेल, तर आधी सेव्ह न करता बदला. मग एटीआय७ ने दोन्हीकडचा सिग्नल आणि नॉइज बघा. आकडे ठीक असले तरच सेव्ह करा. मध्येच लिंक गेली, तर तिथली वीज बंद-चालू झाल्यावर जुनी पॉवर परत येते.

काम झालं की एटीओ टाइप करून डेटा मोडमध्ये परत या. नाहीतर रेडिओ चालू दिसेल, पण डेटा येणार नाही.