ट्रक चालव, पण बारावी करून

गेल्या दिवाळीत माझा भाचा सावलीला आला आणि फराळाच्या ताटावरच म्हणाला, "मामा, मी अकरावी सोडतोय. तुमच्यासारखा ट्रक चालवणार." ताई रडकुंडीला आली. सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मीच त्याला फूस लावली!

आपल्या मंडळींत मुलगा बँकेत किंवा कंपनीत लागला की पेढे वाटतात. 'गाडीच्या लाईनीत' गेला म्हटलं की विषय बदलतात. मला त्यात कमीपणा वाटत नाही. आमच्या सावलीच्या कारखान्यात बनलेले दिल्ली मेट्रोचे डबे ट्रेलरवरूनच दिल्लीला गेले. असा ट्रेलर वळणावर फिरवणारा माणूस कारागीरच. म्हणून मी भाच्याला नाही म्हटलं नाही. फक्त वय विचारलं.

"सोळा पूर्ण."

मग मी हिशेब मांडला. कायद्याने मोटारीचं लायसन्स अठराव्या वर्षी मिळतं. ट्रक-टेम्पोसारखं ट्रान्सपोर्टचं वाहन विसाव्या वर्षाआधी रस्त्यावर चालवता येत नाही. शिवाय जड गाडीचं शिकाऊ लायसन्स मागायचं तर हलक्या गाडीचं लायसन्स किमान एक वर्ष जुनं हवं. म्हणजे आज शाळा सोडलीस तरी चार वर्षं तू क्लीनरच. टायर ठोकायचे, ताडपत्री बांधायची, शेगडी पेटवायची. बारावी करूनही त्याच दिवशी स्टिअरिंगवर बसशील. घाई कसली?

"पण लायसन्सला शिक्षण लागतच नाही," तो म्हणाला. पोरगं माहिती काढून आलं होतं. आठवी पासची अट होती, ती सरकारने 2019 मध्ये काढली, हे खरं. पण मग मी त्याला टँकरची गोष्ट सांगितली.

मीही अकरावी अर्धवट सोडून क्लीनर झालो होतो. गुजराती माध्यम, इंग्रजीशी वैर. एका रात्री हायवेवर ॲसिडच्या टँकरचा व्हॉल्व्ह ठिबकायला लागला. रस्त्यावर धूर. ड्रायव्हरकाकांनी केबिनमधला कागद माझ्या हातात कोंबला. "तू शिकलेला, वाच." अक्षरं ओळखीची होती, अर्थ एकही लागेना. तेवढ्यात ढाब्यावरची पोरं पाण्याच्या बादल्या घेऊन धावत आली. जेवायला थांबलेल्या एका गृहस्थांनी कागद ओढून घेतला, दोन ओळी वाचल्या आणि ओरडले, "पाणी टाकू नका!" सल्फ्युरिक ॲसिडवर पाणी पडलं की ते उकळून अंगावर उडतं. बादलीवाल्यांत सर्वांत पुढे एक दहा-बारा वर्षांचा मुलगा होता. तो मला अजून दिसतो.

त्या कागदाला ट्रेम कार्ड म्हणतात. धोकादायक माल नेताना ते केबिनमध्ये ठेवावंच लागतं. गाडीवर चौकोनी फलक असतो, त्यावर मालाचा नंबर असतो. पेट्रोलचा 1203, मिथेनॉलचा 1230. आणि हा माल नेणाऱ्या ड्रायव्हरसाठी नियम आजही आहे: तीन दिवसांचं प्रशिक्षण, शिवाय एक भारतीय भाषा आणि इंग्रजी लिहिता-वाचता यायला हवी. वडोदऱ्याच्या आसपास काय कमी टँकर आहेत? कोयलीची रिफायनरी, नंदेसरीचे केमिकलचे कारखाने. हे काम माझ्या हातून कितीतरी वर्षं गेलं. शेवटी मुलीच्या शाळेच्या पुस्तकांवरून मी इंग्रजी शिकलो, तीच माझी चुका काढायची. तेव्हा कुठे लायसन्सवर शिक्का पडला.

बरं, कंबर धरली, डोळे कमी झाले की गाडी सुटते. बारावी असेल तर ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात ई-वे बिलं, डिस्पॅच, हिशेब बघता येतात. नसेल तर गेटवर वॉचमन. माझ्या बरोबरीचे दोघे तेच करतात.

भाचा काही बोलला नाही. चकली मोडत बसला.

आता तो बारावी कॉमर्सला आहे. सुट्टीत मंजुसरपर्यंत माझ्या शेजारी बसून येतो आणि पुढच्या टँकरवरचे नंबर मोठ्याने वाचतो. स्टिअरिंगला मी हात लावू देत नाही. परवा विचारत होता, "मामा, विसाव्या वाढदिवसाला आरटीओ बंद असलं तर?"