बिनतारी दूरध्वनीच्या दोन तारा

कॉर्डलेस दूरध्वनीला बिनतारी म्हणतात ते त्याच्या निम्म्या भागापुरतेच खरे आहे. हातात घेऊन घरभर फिरता येतो तो हँडसेट तारेवाचून चालतो. परंतु तो ज्या बैठकीवर ठेवून चार्ज केला जातो ती बैठक, म्हणजे बेस, दोन तारांनी भिंतीशी बांधलेली असते. एक तार दूरध्वनीच्या जोडणीकडे जाते, तर दुसरी अडॅप्टरमार्फत विजेच्या प्लगकडे, आणि बेस व हँडसेट यांच्यामधले अंतर तेवढे रेडिओलहरी पार करतात.

जुन्या पद्धतीच्या साध्या फोनला लागणारी सुमारे 48 व्होल्टची वीज एक्स्चेंजमधून तांब्याच्या तारेनेच येत असे, आणि एक्स्चेंजला बॅटऱ्यांचा आधार असल्यामुळे घरात अंधार झाला तरी तो फोन चालू राहत असे. कॉर्डलेसचा बेस मात्र घरच्या विजेवर चालतो; ती गेली की हँडसेट पूर्ण चार्ज असूनही सहसा मुका होतो. म्हणून तांब्याची जोडणी असलेल्या घरात एखादा साधा फोन जोडून ठेवणे शहाणपणाचे ठरते. फायबरच्या जोडणीत हा उपायही उरत नाही, कारण काचेच्या तंतूतून प्रकाश येतो, वीज येत नाही. तेथे फायबरची पेटी आणि बेस हे दोन्ही इन्व्हर्टरवर घ्यावे लागतात.

नातेवाइकांनी अमेरिकेहून आणलेल्या संचाची गोष्ट वेगळी आहे. आजचे बहुतेक संच डेक्ट या मूळच्या युरोपीय मानकावर चालतात. युरोपात त्यासाठी 1880 ते 1900 मेगाहर्ट्‌झ हा लहरींचा पट्टा राखलेला आहे; अमेरिकेत तो 1920 ते 1930 मेगाहर्ट्‌झ असून तेथे हे संच ‘डेक्ट 6.0’ या नावाने विकले जातात. (हा आकडा लहरींचाही नव्हे आणि आवृत्तीचाही नव्हे, ते निव्वळ विक्रीसाठी घेतलेले नाव आहे.) भारतात 1920 मेगाहर्ट्‌झपासून वरचा पट्टा मोबाइलकडून टॉवरकडे जाणाऱ्या संदेशांना दिलेला असल्याने, असा संच शेजारच्या टॉवरला मोबाइलचे क्षीण संदेश ऐकणे अवघड करतो. शिवाय त्याचा अडॅप्टर बहुधा केवळ 120 व्होल्टसाठी बनवलेला असतो, आणि तो येथील 230 व्होल्टवर लावल्यास जळतो. अडॅप्टर बदलता येतो, लहरींचा पट्टा बदलता येत नाही. तेव्हा असा संच येथे न जोडणेच योग्य.

बेस घराच्या मध्यभागी, थोडा उंचावर आणि लोखंडी कपाटापासून दूर ठेवावा, कारण धातू व जाड दगडी भिंती लहरी अडवतात. ब्रॉडबँड तांब्याच्या तारेवरून येत असेल तर बेस स्प्लिटरच्या फोनच्या खाचेत जोडावा, अन्यथा बोलताना खरखर ऐकू येते. नवा हँडसेट पहिल्यांदा माहितीपत्रकात सांगितलेला पूर्ण वेळ चार्ज करावा. त्यात सहसा निकेल-मेटल हायड्राइड जातीचे, 1.2 व्होल्टचे, पुन्हा चार्ज होणारे सेल असतात. त्यांच्या जागी भिंतीवरच्या घड्याळाचे साधे सेल घालून हँडसेट बेसवर ठेवला तर ते गळतात, प्रसंगी फुटतातही. दुकानात दोन्ही सारखेच दिसत असल्याने ही चूक सहज घडते.

लहरींच्या भीतीबाबत इतके सांगता येते की डेक्ट हँडसेट बोलताना साधारणपणे एकूण वेळेच्या चोविसाव्या हिश्श्यातच लहरी सोडतो, त्यामुळे त्याची कमाल 250 मिलिवॅटची शक्ती सरासरीने 10 मिलिवॅटच्या आसपास येते. संभाषण चोरून ऐकले जाण्याचा धोका जुन्या ॲनालॉग संचांत खरोखरच मोठा होता, कारण साध्या स्कॅनरवरही ते ऐकू येई. डेक्टमध्ये तो बराच कमी आहे, तरी बेसचा कारखान्यातून आलेला ‘0000’ यांसारखा पिन बदलावा.

वळवाच्या पावसात विजा कडाडू लागल्या की हँडसेटवर बोलणाऱ्याला तारेतून धक्का बसण्याची भीती नसते, पण बेस जळू शकतो. म्हणून गडगडाट जवळ येण्यापूर्वीच त्याच्या दोन्ही तारा काढून ठेवाव्यात, कारण प्लग काढला आणि दूरध्वनीची तार तशीच राहिली, तर विजेचा लोट त्या तारेनेही आत येतो.