जुनी पोर्शे, एक बेअरिंग आणि छेदाचा प्रश्न

आमच्या लॅबमधला एक सिनियर सध्या अमेरिकेत पोस्टडॉक करतोय. मागच्या महिन्यात रात्री त्याचा मेसेज आला: "२००३ ची पोर्शे ९११ बघून ठेवलीय. घेण्यापुरते पैसे आहेत, पण इंजिन गेलं तर दोन वर्षांची बचत गेली. तू बेअरिंगवाला ना, सांग, घेऊ का?"

मी बेअरिंगवाला म्हणजे माझी पीएचडी घर्षण आणि वंगण या विषयात आहे. गाडी म्हणाल तर बाबांची स्कूटर. तरी उत्तर शोधायला बसलो, आणि त्या दोन-तीन रात्रींत जे डोक्यात आलं ते रिसर्चला येऊ पाहणाऱ्या तुमच्याही कामाचं आहे, म्हणून लिहितोय.

आधी गाडी. ९११ ची ही पिढी '९९६' या नावाने ओळखली जाते. पाण्याने थंड होणारं इंजिन असलेली ही पहिली ९११. वीस वर्षांनंतर हिचे आजार ठरलेले आहेत. कूलंटची प्लास्टिकची टाकी तडकते, वॉटर पंप जातो, इंजिनाच्या मागच्या सीलमधून ऑइल झिरपतं. यांतलं बरंचसं काहीशे डॉलर ते हजार-दीड हजार डॉलरमध्ये निस्तरतं. त्रास आहे, पण त्यासाठी कुणी झोप घालवत नाही.

झोप घालवतं ते आयएमएस बेअरिंग. इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा एक दांडा क्रँकशाफ्टकडून गती घेतो आणि साखळ्यांमार्फत कॅमशाफ्टना देतो. त्याच्या एका टोकाला सीलबंद बॉल बेअरिंग आहे, आत ग्रीस भरलेलं. इथे माझ्या विषयातली गंमत आहे. बेअरिंग बसलंय इंजिनात, म्हणजे गरम ऑइलच्या सान्निध्यात. काळाने सील कडक होतं, ऑइल आत शिरतं आणि ग्रीस धुऊन नेतं. पण सील पूर्ण गेलेलं नसल्यामुळे ताजं ऑइल खेळतं राहत नाही. आत गेलेलं तिथेच सडतं. म्हणजे ग्रीसही नाही आणि धड ऑइलही नाही. गोळ्या झिजतात, दांडा डगमगतो, साखळीचं टायमिंग चुकतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. संपलं.

सुरुवातीच्या गाड्यांत गोळ्यांच्या दोन रांगांचं बेअरिंग होतं, पुढे २००५ पर्यंत एका रांगेचं आलं, ज्याची भार पेलायची ताकद कमी. अमेरिकेत यावर खटला झाला आणि २०१३ मध्ये तडजोड झाली. तीत मे २००१ ते फेब्रुवारी २००५ दरम्यानच्या बॉक्स्टर आणि ९११ गाड्या होत्या. (टर्बो आणि जीटी३ चं इंजिन वेगळं, त्यांना हा आजार नाही.) या खटल्याच्या संदर्भाने दोन आकडे सतत सांगितले जातात: दोन रांगांचं बेअरिंग असेल तर साधारण १ टक्का गाड्यांत बिघाड, एका रांगेचं असेल तर ८ टक्के.

सिनियरची गाडी एका रांगेवाली. आता थांबा. ८ टक्के, पण कशाचे?

एखाद्या मेकॅनिकला विचारलंत तर तो म्हणेल, "सगळ्यांचं जातं हो!" तो खोटं बोलत नाही. त्याच्याकडे बिघडलेल्याच गाड्या येतात. ज्यांचं बेअरिंग ठणठणीत आहे ते मालक कुणाला सांगायला जात नाहीत. अंश दिसतो, छेद दिसत नाही. शिवाय अंशातही भेसळ असते: या इंजिनात सिलिंडरवर ओरखडे पडण्याचाही आजार आहे, आणि इंजिन उघडून न बघता 'आयएमएस गेलं' म्हणून मोकळं होणं सोपं असतं.

दुसरं म्हणजे, ८ टक्के हा आकडा गाडी नवी असल्यापासूनचा. सिनियरची गाडी वीस वर्षं टिकलेली आहे. त्याला हवी आहे ती 'आजवर टिकली, आता पुढच्या पाच वर्षांत जाईल का' ही शक्यता. सदोष बेअरिंगं लवकर मरून गेली असतील तर ती ८ पेक्षा कमी. सील म्हातारं होणं हेच कारण असेल तर जास्तही असू शकते. आणि वय मोजायचं मैलांत की वर्षांत? कमी चाललेली गाडी चांगली, असं आपण गृहीत धरतो. पण या बेअरिंगच्या बाबतीत महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाडीत तेच जुनं, ओलावा धरलेलं ऑइल बसून राहतं. तुमच्या आलेखाचा क्ष-अक्ष चुकला तर उत्तर उलटं येऊ शकतं, हे मी स्वतःच्या पहिल्या वर्षाच्या डेटावर भोगलंय.

मग निर्णय कसा घ्यायचा? मी त्याला साधं गणित पाठवलं. इंजिन बदलायला धरा २०,००० डॉलर. आधीच बेअरिंग बदलून घ्यायला धरा २,५००. (दोन्ही ढोबळ, गॅरेजनुसार बदलतील.) २,५०० भागिले २०,००० म्हणजे १२.५ टक्के. बिघाडाची शक्यता याहून कमी असेल तर निव्वळ हिशेबाने बदलण्यात फायदा नाही. ८ टक्के धरले तर उत्तर 'राहू दे'.

पण त्या २,५०० मध्ये मोठा वाटा मजुरीचा आहे, कारण बेअरिंगपर्यंत पोचायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो. क्लच बदलतानाही तो उतरतोच. तेव्हा क्लचचं काम निघालेलंच असेल, तर बेअरिंगचा वाढीव खर्च राहतो साधारण १,०००. आता सीमा आली ५ टक्क्यांवर, आणि तेच ८ टक्के 'बदलून टाक' म्हणतात. बेअरिंग तेच, धोका तोच. फक्त गिअरबॉक्स आधीच खाली आहे. १ टक्का धोक्याच्या दोन रांगांवाल्या गाडीत मात्र अशाही वेळी हात लावायचं कारण नाही.

अर्थात सरासरी बचत असलेल्याला परवडते. ज्याच्याकडे एकच गाडी आणि एकदाच भरण्याइतके पैसे, त्याने सीमेच्या थोडं खालीही बदलून घेतलं तर मी त्याला वेडा म्हणणार नाही.

सिनियरला एवढंच सांगितलं: विकणाऱ्याला ऑइल फिल्टर कापून दाखवायला सांग, घड्यांत चुंबक फिरव. चुंबकाला चिकटणारा चुरा किंवा सीलचे काळे तुकडे दिसले तर निघून ये. आणि क्लच शेवटचा कधी बदलला ते विचार.

फिल्टर स्वच्छ निघाला. क्लच मूळचाच होता, घसरायला लागलेला. त्याने क्लचच्या नावाने किंमत कमी करून घेतली आणि गाडी थेट गॅरेजमध्ये नेली. काढलेलं जुनं बेअरिंग पार्सलने माझ्याकडे पाठवतोय. सील कापून आत काय उरलंय ते बघायचंय मला.