विहिरीची गोष्ट विचारून ठेवा

आज मी म्हैसूरजवळच्या वरुणा गावातून बोलतोय. समोर गावाचा तलाव आहे, कन्नडमध्ये 'वरुणा केरे'. हे नाव ऐकलं आणि आपली बोली आठवली. पाऊस चांगला झाला की आपण म्हणतो, 'वरुणराजा पावला.' पाण्यात देव पाहायची सवय इकडेही आहे, तिकडेही आहे. म्हणून आज विहिरींच्या गोष्टी आणि म्हणी.

माझ्या आजोळी, साताऱ्याकडे, मळ्यातल्या विहिरीच्या काठावर शेंदूर लावलेले सात दगड होते. त्या साती आसरा, पाण्यात राहणाऱ्या सात बहिणी. 'आसरा' हा शब्द 'अप्सरा'वरून आला असं मानतात. हिरव्या बांगड्या, खण, नारळ देऊन त्यांची ओटी भरतात. आजी बजावायची, "भर दुपारी एकटा विहिरीवर जाऊ नकोस, आसरा ओढतात." मोठेपणी त्यातलं शहाणपण कळलं. भर दुपारी मळ्यात चिटपाखरू नसतं. पोर पाण्यात पडलं तर काढणार कोण?

म्हणींचंही तसंच. परवा भाच्याला म्हटलं, "आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?" तो म्हणाला, "मामा, पोहरा म्हणजे काय?" आड म्हणजे पायऱ्या नसलेली अरुंद विहीर, पोहरा म्हणजे दोर बांधून तिच्यात सोडायचं भांडं. आड बुजले, घरात नळ आला, आणि म्हण अधांतरी राहिली.

हे फक्त आपल्याकडेच नाही. आयर्लंडमध्ये संत ब्रिजिटच्या आणि इतर संतांच्या नावाने पवित्र विहिरी आहेत. लोक उजवी घालून त्यांना फेऱ्या मारतात, अगदी आपल्या प्रदक्षिणेसारख्या. जवळच्या झाडाला चिंधी बांधतात. चिंधी कुजेल तसं दुखणं सरेल, ही श्रद्धा. विहीर आटल्यावरच तिचं मोल कळतं, अशा अर्थाची म्हणही त्यांच्याकडे आहे.

पण त्यांनी एक फार मोलाचं काम केलं. १९३७ ते १९३९ या काळात तिथल्या सुमारे ५,००० शाळांतल्या मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसांना विचारून म्हणी, औषधं, विहिरींच्या गोष्टी वहीत उतरवल्या. त्या वह्या आज कोणालाही इंटरनेटवर वाचता येतात.

आपणही हे करावं, मात्र गोडगोड तेवढंच लिहू नये. 'तळे राखील तो पाणी चाखील' असं आपण म्हणतो, पण गाव राखणाऱ्या कितीतरी माणसांना त्याच गावचं पाणी चाखायची बंदी होती. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं सर्वांना खुलं केल्याचा ठराव १९२४ सालीच केला होता. तरी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना ते पाणी पिण्यासाठी सत्याग्रह करावा लागला. त्यानंतर सनातन्यांनी ते तळं 'शुद्ध' करून घेतलं. पाण्याचं पावित्र्य कुणाला जवळ घेतं आणि कुणाला लांब ठेवतं, हीसुद्धा विहिरीचीच गोष्ट आहे.

तेव्हा मंडळी, सुट्टीत गावी जाल तेव्हा आजी-आजोबांना तीन प्रश्न विचारा. आपल्या विहिरीचं नाव काय? तिची गोष्ट काय? तिथे पाणी कोण भरायचं आणि कोणाला भरू देत नव्हते? उत्तरं त्यांच्याच शब्दांत लिहा. विहीर बुजली तरी कधीतरी पुन्हा खणता येईल. सांगणारं माणूस गेलं की गोष्ट त्याच्याबरोबर जाते.