एका मिलिलिटरात पृथ्वीला सहा फेरे

कापसाचा व्यवहार करणाऱ्या नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या माणसाला धाग्याची ताकद वेगळी सांगावी लागत नाही. कापसाचा तंतू ताणला तर साधारण सात-आठ टक्के लांबतो आणि तुटतो. शंभराचे एकशेआठ, बस्स. आपल्या रक्तात मात्र असा एक धागा तयार होतो, जो सरासरी शंभराचे सव्वाचारशे होईपर्यंत तुटत नाही. पावणेतीन पट ताणून सोडला, तर पुन्हा होता तेवढा होतो. त्याचं नाव फायब्रिन. 2006 साली अमेरिकेतल्या वेक फॉरेस्ट विद्यापीठात मार्टिन गुटहोल्ड आणि सहकाऱ्यांनी एकेक धागा ताणून हे मोजलं. कापसाच्या तंतूपेक्षा तो शंभराहून अधिक पट बारीक असतो!

हा धागा बनतो फायब्रिनोजेन या प्रथिनापासून. त्याचा एक रेणू 45 नॅनोमीटर लांब. एका मिलिलिटर रक्तद्रवात हे प्रथिन जेमतेम 3 मिलिग्रॅम, पण रेणू मोजले तर सुमारे 5,300 लाख कोटी. ते टोकाला टोक लावून मांडले तर 2 लाख 40 हजार किलोमीटर भरतील, म्हणजे पृथ्वीला सहा फेरे. मोठ्या माणसाच्या अंगात तीन लिटर रक्तद्रव धरला तर 72 कोटी किलोमीटर. सूर्यापर्यंत दोनदा जाऊन परत यायचं आणि वर 12 कोटी शिल्लक. मी हा गुणाकार तीनदा करून पाहिला.

जखम झाली की याच धाग्यांचं जाळं रक्त थांबवतं. तेच जाळं पायातल्या खोल शिरेत विणलं जाऊन रक्ताची गुठळी झाली, तर घात होतो. गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात अडकला, तर जीवावर बेततं.

आणि सगळ्यांची वीण सारखी नसते. काहींच्या गुठळीत धागे बारीक, दाट आणि छिद्रं लहान असतात. गुठळी विरघळवणारा शरीरातला रस आत झिरपायला वेळ लागतो. पोलंडमधल्या क्राकोवच्या डॉक्टरांनी पहिल्या गुठळीनंतर रुग्णांचा माग ठेवला. 2018 साली त्यांनी मांडलं की दाट विणीच्या, सावकाश विरघळणाऱ्या गुठळ्या ज्यांच्या रक्तात होतात, त्यांना हा आजार पुन्हा गाठण्याची शक्यता अधिक.

पुन्हा म्हणजे किती? शस्त्रक्रियेनंतर गुठळी झालेल्या शंभरांपैकी पाच वर्षांत साधारण तिघांना. पण काही कारण नसताना झाली असेल आणि औषध थांबवलं, तर पहिल्याच वर्षी दहांना, पाच वर्षांत पंचविसांना, दहा वर्षांत छत्तिसांना.

उमरीहून मुंबई म्हणजे रात्रभराची गाडी. चार तासांहून जास्त एका जागी बसून प्रवास केला, तर गुठळीचा धोका जवळपास दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने 2007 मध्ये सांगितलं. धडधाकट माणसाला तो सहा हजारांत एक इतकाच, म्हणून घाबरू नये. पण ज्यांना एकदा गुठळी झाली आहे, त्यांनी निघण्याआधी डॉक्टरांना विचारावं आणि गाडीत अधूनमधून उठून चालावं.

एकच पोटरी सुजली, दुखू लागली, गरम लागली, तर ती गुठळी असू शकते; मालिश करत बसू नका. अचानक धाप लागली किंवा छातीत दुखलं, तर एक तासही वाया घालवू नका. नांदेडला विष्णुपुरीचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, तिथे जा. आणि पाय बरा वाटतो म्हणून रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने कधीही बंद करू नका.